डेकला मुशीचं तेल

समस्त घरमालक, घर घेऊ इच्छिणारे सज्जन, दलाल मंडळी आणि वाशीतली मांजरं यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की नव्या मुंबईतलं एक घर केवळ माशाच्या तेलामुळे विकलं गेलेलं आहे. ही बाब आजवर गुप्त ठेवण्यात आली होती. आता संबंधितांपैकी कोणाचीच हरकत उरलेली नाही. उलट ज्यांची हरकत असायला हवी होती, त्यांनीच परवा मला एका लग्नात जिलबीच्या ताटासमोर गाठून फर्मावलं, "सावंत, ते एकदा लिहून काढा हो." तेव्हा लिहितो. वाचकांनी उभं राहण्याची आवश्यकता नाही.

माझा धंदा पॉलिशचा. त्यातही विकायला काढलेल्या घरांच्या पॉलिशचा. त्याआधी मी परळला हौशी कामगारांच्या नाटकांचं नेपथ्य करायचो. पोत्याच्या कापडाचा किल्ला, प्लायवूडचा राजवाडा, आणि दुसऱ्या अंकात त्याच राजवाड्याचा उलट्या बाजूने तुरुंग, ही माझी कला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी वाशीला राहायला आलो तेव्हा इथे नाटक नव्हतं, नाट्यगृह नव्हतं, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूसही नव्हता. पण घरं होती, आणि घेतलेलं घर वर्षा-दोन वर्षांत विकून परत खाडीपलीकडे पळणारी माणसंही होती. मी विचार केला, घर बघायला गिऱ्हाईक येतं तेव्हा काय होतं? पडदा वर जातो. सगळे नेहमीपेक्षा गोड बोलतात. मोडकी खुर्ची आत नेतात. हा प्रयोगच आहे की! मग नेपथ्य कोण करणार?

आता तुम्ही विचाराल, नव्या मुंबईत लाकडी डेक कुठून आले? हसू नका. वाशीतली कितीतरी जमीन भरावाची. तळमजल्याच्या घरांना, रो हाउसेसना मागे जी हातभर जागा मिळाली, तिथे लोकांनी हौसेने लाद्या घातल्या. दोन पावसाळ्यांत भराव बसला आणि लाद्या अशा वाकड्यातिकड्या झाल्या, की चहाचा कप ठेवला तर तो आपणहून शेजाऱ्यांकडे जायचा. मग कोणीतरी शहाणपणा केला. मुंबईत दारूखाना बंदरावर जुनी जहाजं मोडतात, तिथून जहाजाच्या सागवानी फळ्या आणल्या, खाली खुंट ठोकले आणि वर फळ्या टाकल्या. झाला डेक. शेजाऱ्याने बघितला, त्याने केला. कोणी त्याला माची म्हणायचे, कोणी मागचं स्टेज. मला साहजिकच स्टेज आवडायचं.

डेक हे लाकडातलं सर्वांत दुर्दैवी लाकूड. दार उभं असतं, पाणी ओघळून जातं. कपाट घरात असतं, त्याला लाडाने पुसतात. डेक बिचारा आडवा पडून ऊन खातो, पाऊस पितो, वर पापड वाळत घालतात आणि भांडण झालं की नवरा त्यावर जाऊन बसतो. दहा वर्षांत तो हत्तीच्या पाठीसारखा दिसू लागतो. आमचं काम असं. आधी टाचेने ठोकत फिरायचं. चांगली फळी खणखणीत बोलते, कुजलेली पोटात बोलते. कुजलेली काढायची, नवी बसवायची, खिळे खोल ठोकायचे. मग रंधा, मग काचेच्या तुकड्याने खरवडणं, मग पॉलिश पेपर. करडा थर निघाला की खालून जे मधाच्या रंगाचं सागवान येतं, ते बघून घरमालकाचा चेहरा पडतो. हो, पडतो. कारण त्याला त्या क्षणी कळतं की आपण काय विकतोय.

या धंद्यात मला एवढ्या एकाच गोष्टीचं वाईट वाटत आलं. स्वतःसाठी कोणी पॉलिश करत नाही. वर्षानुवर्षं माणसं खरखरीत लाकडावर पाय टाकतात आणि ते उजळतात केव्हा? तर दुसऱ्याला द्यायचं ठरल्यावर. नेरूळच्या एका साहेबांनी तर काम पूर्ण झाल्यावर डेकवर खुर्ची टाकली, चहा मागवला, आणि तीन दिवस उठलेच नाहीत. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवलं. त्यांची बायको माझ्यावर इतकी चिडली, की अजून बाजारात दिसली की भाजीच्या गाडीआड जाते. उलट तुर्भ्याचे एक ट्रकवाले शेठ. त्यांना डेक आरशासारखा चमकायला हवा होता. मी सांगितलं, शेठ, बाहेरच्या लाकडाला चमक नको, पाय घसरतो. ते म्हणाले, "पैसे मी देतोय ना?" चमकवला. घर बघायला आलेले गृहस्थ घसरले ते थेट कर्दळीत. मात्र शेठही खरे धंदेवाले. त्यांनी त्या गृहस्थांना हात देऊन उठवता उठवता म्हटलं, "बघा, किती स्मूथ आहे!"

पण हे सगळे प्रवेश किरकोळ. मुख्य अंक भाटकर सारंगांचा.

भाटकर रत्नागिरीकडचे. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर खलाशी आणि शेवटी सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. वाशीला सगळे त्यांना सारंगच म्हणत, मी काका म्हणायचो. उंच, वाळलेले, आणि आवाज असा की दबक्या आवाजात बोलले तरी शेजारच्या सोसायटीत सल्ला पोहोचायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी रो हाउस घेतलं आणि मागे स्वतःच्या हाताने डेक बांधला. मी एकदा विचारलं, "काका, ह्या फळ्या कुठल्या जहाजाच्या?" ते म्हणाले, "मेलेल्या जहाजाचं नाव विचारू नये." आणि पायाने एक फळी हळूच दाबून बघितली.

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. लहानखुरी, हसरी, आणि दम्याने बेजार. नवरा दर्यावर असताना तिने सगळी हयात त्याची वाट बघण्यात घालवली, आणि तो कायमचा घरी आला तेव्हा खाडीची ओली हवा तिच्या छातीत जाऊन बसली. आदला पावसाळा तिने उशांचा ढीग करून, बसून काढला होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, पुढच्या पावसाळ्यात ह्यांना इथे ठेवू नका, कोरड्या हवेत न्या. मुलगी फलटणला दिलेली. तिच्या शेजारचं घर बघून ठेवलं होतं. वाशीचं विकलं की ते घ्यायचं. वैशाख निम्मा सरला होता. म्हणजे पावसाला जेमतेम महिना उरला होता.

घर विकलं जात नव्हतं त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे डेक. पहिलं गिऱ्हाईक डेकवर गेलं आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत फळीतून खाली गेला. दुसरं कारण स्वतः सारंग. दुसऱ्या गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "इथे काही त्रास नाही ना?" सारंगांनी त्याला खाली बसवून, खाडीच्या उधाणाचं पाणी कुठवर येतं, तुर्भ्याच्या कारखान्यांचा वास कुठल्या वाऱ्याला येतो आणि डास साधारण किती वाजता जेवायला बसतात, हे सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "पण घर झकास आहे." तोवर गिऱ्हाईक बसस्टॉपवर होतं.

काकूने मला बोलावलं ते याच सुमारास. "सावंत, डेक तुम्ही बघा. ह्यांचं तोंड मी बघते."

डेकचं काम सोपं नव्हतं. बाहेरच्या लाकडाला लाखेचं पॉलिश चालत नाही, पावसात पांढरं पडतं. व्हार्निश म्हणा, तेल म्हणा, त्यात टर्पेन्टाइन नाहीतर थिनर आलंच. मी डबा नुसता उघडला आणि आत काकूंचा श्वास शिट्टी वाजवू लागला. सारंग धावत बाहेर आले. माणूस वादळात घाबरत नसावा, पण त्या शिट्टीला घाबरला होता. "सावंत, बंद कर तो डबा! आधी बंद कर!"

डबा बंद झाला. टर्पेन्टाइन नाही, थिनर नाही, स्पिरिट नाही. राहिलं काय? अळशीचं उकळलेलं तेल, कोमट करून, कापडाने रगडत रगडत जिरवायचं. कष्टाचं काम, पण वास सौम्य. आणि फळ्यांमधल्या फटींचं काय? जहाजाच्या फळ्या सांधणं माझ्या माणसांना येत नव्हतं. ती कपाटवाली माणसं. म्हणून मी वाशीगावातल्या हशा नाखव्याला आणलं.

हशा होड्या दुरुस्त करायचा. काळाभोर, दंडावर चांदीचा ताईत, आणि स्वतःच्या कामाबद्दल इतका मान की दुसऱ्याच्या कामाकडे तो एक डोळा मिटूनच बघायचा. डेकवर येताच त्याने गुडघे टेकले, फटीतून बोट फिरवलं आणि सारंगांकडे बघून म्हणाला, "जाहाजाचा लाकूर हाय ना?" सारंग म्हणाले, "जहाजाचंच." बस. त्यानंतर त्या दोघांनी मला त्या जागेवर पाहुणा करून टाकलं. फुटलेली फळी काढून नवी बसवली. फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासून भरला. सारंग वरून हुकूम सोडत, हशा खालून न ऐकता काम करत. आठवड्यात डेक असा झाला, की मी दोनदा उगाच त्यावर जाऊन प्रवेश घेऊन आलो.

शनिवारी तेलाचा शेवटचा हात राहिला होता. रविवारी सकाळी डोंबिवलीहून दामले पती-पत्नी घर बघायला येणार होते. मला कोपरखैरण्याला दुसरं काम निघालं. मी अळशीच्या तेलाचा डबा हशापुढे ठेवला आणि म्हटलं, "नाखवा, एवढा शेवटचा हात तुम्ही मारा. तुमच्या हातचं काम बघण्यासारखं असतं." माणसाची स्तुती करावी, पण मोजून. मी जरा जास्त ओतली.

रविवारी सकाळी मी खास इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. पुढे गेलो तसा तो मला भेटायला पुढे आला. मागच्या अंगणात गेलो तर डेकच्या कडेला मांजरं बसली होती. एक नाही, दोन नाही. पहिली रांग भरून, दुसऱ्या रांगेत उभी. शेपट्या गुंडाळून, पापणी न हलवता, पडदा वर जायची वाट बघत. मला आयुष्यात इतका सुजाण प्रेक्षक मिळालेला नाही.

सारंग मधोमध उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी. "सावंत," ते म्हणाले, "काय सुरेख वास आहे रे!"

वास मुशीच्या तेलाचा होता. मुशी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल काढतात आणि दर्यात जाण्याआधी होडीला पाजतात. लाकूड फुगत नाही, किडा लागत नाही. होडीसाठी अमृत. मी गावात धावत जाऊन हशाला पकडून आणलं. तो आला तोच बक्षीस घ्यायला आल्यासारखा.

"हशा, अळशीचं तेल दिलं होतं ना मी?"

"सावंत शेठ, आलशी गुरांना देतान. ह्या लाकराला आलशी?" त्याने खरोखरच दुखावल्यासारखा चेहरा केला. "मी घरचा तेल आनला, पैसं नको मना. आता हा डेक दर्यान सोरलात तरी बुराचा नाय!"

"अरे, तो दर्यात सोडायचा नाही! दामल्यांना विकायचाय! ती माणसं कांदासुद्धा चातुर्मासात खात नाहीत!"

"मग बुरला तर काय करतील?" हशाने विचारलं.

उदबत्ती लावावी, धूप घालावा, तर काकूंचा दमा. नुसत्या धुराच्या कल्पनेनेच सारंगांनी दारात हात आडवा केला. एवढ्यात खिडकीतून खुदखुद आवाज आला. काकू हसत होती. माशाच्या वासाने तिला जन्मात दम लागला नव्हता. तिथेच पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "सावंत, हाताला माशाचा वास राहिला तर आम्ही चिंच चोळतो, नाहीतर कोकम. आणि वरून बेसन. करून बघा."

आम्ही केलं. घरातली सगळी चिंच कोळली. कोकमं संपवली. मी, सारंग आणि हशा, तिघे गुडघ्यांवर बसून त्या सागवानाला चिंचेचं पाणी चोळत होतो. वर बेसन भुरभुरवलं, धुतलं, पुसलं. मग तिघांनी उभं राहून एकदम श्वास घेतला.

सकाळी तिथे कच्चा मासा होता. आता कालवण होतं.

"आता निस्ता खोबरा वाटून टाका," हशा म्हणाला.

मांजरांची तिसरी रांग आली.

नाटकात एक नियम असतो. सेट कोसळला तरी नट थांबत नाही. मी ताबडतोब नवी मांडणी केली. हशाला कुंपणापलीकडे मांजरांच्या बंदोबस्ताला पाठवलं. मागचं दार लावून घेतलं. पुढची खोली, स्वयंपाकघर, वरची खोली, एवढाच प्रयोग. डेकचं काम चालू आहे, पाय चिकटतील, पुढच्या खेपेला बघा. आणि सारंगांचं तोंड? ते काकूने आधीच बघितलं होतं. तिने त्यांना गळ्याची शपथ घातली आणि सुपारीचं एक अख्खं खांड त्यांच्या गालात ठेवलं. "पाहुणे जाईपर्यंत एक शब्द नाही. मला फलटणला जायचंय. कळलं?"

सारंगांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं. त्या घरात तेवढी एकच गोष्ट सगळ्यांना कळलेली होती.

दामले आले. दामलेबाई शाळेत मुख्याध्यापिका. त्या आत आल्या आणि आम्ही सगळे नकळत रांगेत उभे राहिलो. दामलेराव मागून आले, हातात छत्री, अंगात पांढराशुभ्र टेरिकॉटचा शर्ट, चेहरा असा की वर्षानुवर्षं कोणी मत विचारलेलं नाही आणि त्यांचीही तक्रार नाही.

"हे काही बोलत नाहीत?" सारंगांकडे बघून बाईंनी विचारलं.

"आज मौन असतं त्यांचं," मी म्हणालो.

बाई एकदम प्रसन्न झाल्या. "वा! हल्ली कोण पाळतं हो मौन?" सारंगांनी सुपारीसकट नमस्कार केला.

पहिला अंक अप्रतिम झाला. बाईंनी नळ सोडून बघितले, खिडक्या लोटून बघितल्या, देव्हाऱ्याची जागा ठरवली. देव्हाऱ्याची जागा ठरली की घर निम्मं विकलं गेलं, हा माझा धंद्यातला अनुभव. मी काकूंकडे बघून डोळा मिचकावला. तिच्या गालांवर रंग आला होता. आणि त्याच क्षणी बाई दोन-तीनदा नाक वर करून म्हणाल्या, "पण हा वास कसला?"

मी पुढे झालो. "बाई, त्याचं असं आहे, की जुनं जहाजाचं लाकूड, त्याने सात समुद्र पाहिलेले, वर्षानुवर्षं लाटा अंगावर घेतलेल्या, तर तो समुद्र आता उन्हात हळूहळू..." माझा आवाज छान लागला होता. हातही योग्य जागी होता. बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं गृहपाठ का केला नाही याचं कारण ऐकताना बघत असतील.

"तुम्ही सांगा," त्या सारंगांना म्हणाल्या. "मौन सोडा जरा. खरं काय ते सांगा."

सारंगांनी काकूंकडे बघितलं. काकूने डोळ्यांनी नाही म्हटलं. सारंगांनी सुपारी काढून हातावर घेतली.

"मुशीचं तेल आहे, बाई. माशाचं. होडीला लावतात. कालच लावलंय. सकाळपासून चिंच चोळतोय, जात नाही. महिन्याभरात जाईल. हवं तर सगळं खरवडून देतो." मग न थांबता ते पुढे गेले, वारा लागल्यासारखे. "उधाणाला मागे पाणी येतं, पण डेकच्या खाली राहतं. तुर्भ्याकडचा वारा फिरला की गॅसचा वास येतो, कधीतरी. डास आहेत. माझं मौनबिऊन काही नाही. बोललो की गिऱ्हाईक पळतं, म्हणून हिने शपथ घातली. हिला ह्या हवेत श्वास घेता येत नाही, म्हणून विकतोय. पावसाच्या आधी हिला इथून न्यायचीय. नाहीतर ह्या फळ्या मी मेलो तरी सोडल्या नसत्या."

काकू खाली बघत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता, बारीक शिट्टीसारखा.

दामलेबाई वाईट नव्हत्या. त्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही खरं सांगितलंत, बरं केलंत. पण काका, माशाच्या तेलावर माझे देव कसे हो ठेवू? मला नाही जमायचं." त्या काकूंजवळ गेल्या, हातावर हात ठेवला. "तुम्हाला दुसरं गिऱ्हाईक मिळेल." आणि पर्स उचलून म्हणाल्या, "चला हो."

बाईंनी वळून बघितलं.

"अहो? चला!"

दामलेराव खोलीत नव्हते. वर नव्हते. मोरीत नव्हते. छत्री तेवढी खुर्चीला टेकून उभी होती. मग माझं लक्ष गेलं. मागच्या दाराची कडी निघालेली होती.

दार उघडलं. डेकवर, बरोबर मधोमध, उन्हात मधासारख्या चमकणाऱ्या त्या फळ्यांवर दामलेराव उताणे पडले होते. बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवलेले, त्यांत मोजे. हात दोन्ही बाजूंना पसरलेले. खाडीवरून वारा येत होता. पोटावर एक बोका, काखेत एक मांजर, पायांशी उरलेली सभा. कुंपणापलीकडून हशा हताशपणे म्हणाला, "मी सांगितला त्यांना, साहेब, झोपू नका, तेल हाय. आयकलाच नाय."

"अहो!" बाई ओरडल्या. "उठा! शर्ट!"

दामलेरावांनी एक डोळा उघडला. "झोप लागली गं," ते म्हणाले. त्या आवाजात इतकं नवल होतं, की मांजरांनीही वळून पाहिलं. "किती वर्षांनी दुपारच्या आधी झोप लागली. ये ना. लाकूड कोमट आहे."

"शर्ट बघा तुमचा!"

ते सावकाश उठून बसले. पाठ फिरवली. त्या पांढऱ्या शर्टावर डेकच्या फळ्या जशाच्या तशा छापल्या गेल्या होत्या, फटींसकट. आणि वास! चिंच, कोकम, बेसन, मुशी. दामलेराव आता पूर्ण शिजले होते. ते बाईंच्या दिशेने एक पाऊल आले, बाई दोन पावलं मागे गेल्या.

"मला हे घर आवडलं," दामलेराव म्हणाले. मला वाटतं, ते स्वतःच दचकले.

इथे बाईंनी जे वाक्य उच्चारलं ते मी राखून ठेवतो. आधी बाकीचं उरकतो, कारण पडदा कशावर पाडायचा हे मला कळतं.

भाटकर मृगाच्या आधी फलटणला पोहोचले. मीच त्यांना टेम्पोत बसवून दिलं. सामानात एक फुटकी फळी होती, तीच, जिच्यातून पहिल्या गिऱ्हाइकाचा पाय गेला होता. ती ओसरीवर बसायला घेणार होते. जाताना सारंग डेकवर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, आणि हशाला म्हणाले, "वर्षाला एक हात देत जा." पुढच्या वर्षी मी फलटणला गेलो तेव्हा काकूने स्वतः विहिरीचं पाणी शेंदून दिलं आणि माझ्यासमोर उभी राहून मोठ्ठा श्वास घेऊन दाखवला, लहान मुलं दात दाखवतात तशी. शिट्टी नाही, काही नाही. मी इतका हलका झालो, की दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दामल्यांचे देव पुढच्या खोलीत बसले, दोन दारं आड. सारंगांनी कबूल केल्याप्रमाणे मी डेक खरवडायला गेलो. दामलेराव दारातच भेटले आणि हळू आवाजात म्हणाले, "वरवर करा. मांजरं येईनाशी होतील." बाईंना सगळं माहीत होतं. पावसाळा संपला की हशा डेकला हात द्यायला यायचा, आणि त्या दिवशी बाई न चुकता बहिणीकडे जायच्या. जाताना त्याच्यासाठी चहा ठेवून जायच्या.

तर, ती सकाळ. दामलेराव डेकवर अनवाणी उभे, शर्टावर फळ्या, पायांत मांजरं. दारात सारंग, हातात सुपारी. त्यांच्यामागे काकू, पदर तोंडाला, श्वास रोखून. कुंपणावर हशा. आणि मुख्याध्यापिका दामलेबाईंनी नाक चिमटीत धरलं, नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"असल्या वासाचा नवरा मी डोंबिवलीच्या घरात घेणार नाही! त्यापेक्षा हेच घर घेऊन टाका!"